द्राक्षांच्या मांडवातला सूर

माघ सरत आला की आमच्या रस्त्यानं द्राक्षांचे टेम्पो जायला लागतात. टेम्पो दिसायच्या आधी वास येतो. मी दारातल्या पायरीवर बसलेली असते. ओळखीचा ड्रायव्हर असला तर गाडी हळू करतो आणि एखादा घड हातावर ठेवतो. हल्लीची द्राक्षं लांबुडकी, कडक आणि नुसती गोड असतात. खायला ठीक आहेत. पण मला लागतात ती काळी, बियांची, जाड सालीची, खाल्ल्यावर जिभेला चिमटा काढणारी. ती कुठून तरी मिळवते आणि बरणी लावते.

बरणी चिनी मातीची आहे. चुरडलेली द्राक्षं, गूळ, धायटीची वाळकी फुलं, थोडी दालचिनी, वेलदोडा, मिरी. तोंडाला फडकं बांधायचं, वर मातीचा पातळ लेप द्यायचा आणि बरणी गळ्यापर्यंत ज्वारीच्या कोंड्यात पुरून ठेवायची. मग रोज सकाळी तिला कान लावायचा. वैद्य याला आसव म्हणतात. आमची सून दारू म्हणते. दोघांचंही खरं आहे.

दोन-चार दिवस बरणी मुकी असते. मग एका सकाळी आत काहीतरी सुरू होतं. आधी एखादा बुडबुडा, मग त्याच्या मागं दुसरा, आणि नंतर मधे जागाच राहत नाही. नुसती एक गुणगुण. ती ऐकली की माझे हातपाय अजून स्वस्थ बसत नाहीत. वय झालं म्हणून काय झालं.

बहात्तरचा दुष्काळ सरून गेला होता, विहिरींना पुन्हा पाणी आलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. गोष्ट तरी कसली, एक हंगाम. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचा. माझ्या आयुष्यात हंगाम पुष्कळ आले. बाकीचे एकमेकांत मिसळून गेले. हा तेवढा वेगळा राहिला.

आमचं घर वाजंत्र्याचं. मालक सनई वाजवायचे आणि धाकटे दीर लखूभाऊजी सूर धरायचे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सूर म्हणजे सनईसारखंच वाद्य, पण त्यावर बोटं नाचवायची नसतात. एकच स्वर धरायचा आणि सोडायचा नाही. सनईवाला दम घ्यायला थांबतो, वर जातो, खाली येतो, नखरे करतो. सूरवाला थांबत नाही. लोक सनईवाल्याला वाहवा म्हणतात. सूरवाल्याकडं कोणी बघत नाही. पण सूर नसला तर सनई उघडी पडते, चोळीशिवाय नेसलेल्या लुगड्यासारखी.

आता माणसाला श्वास तर घ्यावाच लागतो. तेव्हा युक्ती अशी की गालात वारा साठवायचा, तो ओठांनी बाहेर ढकलत राहायचं आणि त्याच वेळी नाकानं आत ओढायचं. लखूभाऊजी लहानपणी तांब्यात पाणी घेऊन त्यात ज्वारीच्या ताटाची नळी धरून फुंकायचे. बुडबुडे थांबले की सासरे पाठीत घालायचे. मी नवी नवरी होते, चुलीपुढं बसून बघायची. माझ्या हातात फुंकणी. ओल्या फाट्यांची चूल फुंकून फुंकून मला ती युक्ती आपोआप जमली. एकदा घरात कोणी नसताना तांब्यात नळी धरून बघितली. बुडबुडे थांबेनात. मीच घाबरले आणि नळी टाकून दिली.

नंतर मात्र घाबरले नाही. घर रिकामं दिसलं की नळी काढायची. मग एक दिवस खुंटीवरचा सूरच काढला. त्याच्या तोंडाशी असते ती पत्ती ओली केली, ओठांत धरली. पहिल्यांदा बदकासारखा आवाज निघाला. पुढं निघायला लागला तो खरा.

पण बाईमाणूस सनईला तोंड लावत नाही. का लावत नाही, ते कोणी सांगितलं नाही. लावत नाही, एवढंच. आणि मला सूर धरायचा होता. रिकाम्या घरात तर तो धरतच होते. मला तो चारचौघांत, सनईच्या बाजूला बसून धरायचा होता. एवढी एकच हौस मी आयुष्यात केली. दागिन्याची नाही केली.

दुष्काळात लग्नं झाली ती गुपचूप, चार माणसांत. वाजंत्री कोण बोलावतो? दुष्काळ संपला तर लोकांना लाउडस्पीकरची चटक लागली. लखूभाऊजी कंटाळले आणि सोलापूरला गिरणीत लागले. मालकांची सनई खुंटीवर गेली. मी रोज तिच्यावरची धूळ पुसायची आणि मालक रोज तिकडं पाठ करून जेवायचे.

अशा दिवसांत अप्पा आले. कुंभारी गावाच्या अलीकडं त्यांचा मळा होता. घर लिंगायत, आपसात कानडी बोलणारं, आमच्याशी मराठी. अप्पांनी नवी बिनबियांची द्राक्षं लावली होती, दगडी खांब रोवून, तारा ओढून, वर मांडव. त्या साली पहिलं पीक धरायचं होतं. छाटणी होऊन गेली होती. अप्पा सायकल भिंतीला लावून ओसरीवर बसले आणि म्हणाले, "मारुती, सनई काढ. रोज सकाळी मळ्यात वाजवायची."

मालक म्हणाले, "कुणाचं लगीन हाय?"

"कुणाचं न्हाय. येलीला ऐकवायची."

"कुटल्या येलीला?"

"द्राक्षाच्या! पेपरात आलंय. झाडाला संगीत ऐकवलं की झाड जोमानं वाढतंय. आधी मी लाउडस्पीकर लावून बघितला. तर करंट जातोय, तबकडी अडकतीया, आन् गडी काम सोडून नाचत्यात."

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी चहा गाळत होते. हसू दाबायला गाळणं तोंडाशी नेलं.

"अप्पा, येलीस्नी कान कुटं असत्यात?"

"तुझ्या सनईला तरी कुटं तोंड हाय? तरी बोलती की!"

मालकांनी शेवटची अडचण काढली, "सूर धराया मानूस न्हाय. लखू गिरनीत हाय."

"मग नुसती वाजव. येली काय वाकडं बोलणार न्हाईत."

अप्पा गेले. मी कप विसळता विसळता म्हटलं, "सूर मी धरीन."

मालक माझ्याकडं असे बघत राहिले, जसं मी म्हटलं की बैलाच्या जागी मीच जुंपून घेते. मी खुंटीवरचा सूर काढला आणि धरला. त्यांच्या तोंडासमोर. मी बराच वेळ सोडला नाही. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "कवापास्नं?" मी म्हटलं, "चूल फुंकतीया तवापास्नं." ते म्हणाले, "लोक काय म्हनतील?" मी म्हटलं, "मळ्यात लोक कुटं हायत? येली हायत."

त्यांनी मान्य केलं, पण अटीवर. मांडवाच्या आत बसायचं, पार मधे. कोणाचा पाय वाजला की सूर पदराखाली.

पहिली सकाळ मला जशीच्या तशी दिसते. दव पडलेलं, तारांना थेंब लोंबत होते. छाटलेल्या काड्यांवर डोळे फुगले होते आणि काही डोळ्यांतून कोंब निघाले होते, गुलाबी, लव असलेले, उंदराच्या पिल्लाच्या कानाएवढे. खाली शेणखताचा वास, वर रोग पडू नये म्हणून मारलेल्या मोरचूद-चुन्याचा. आम्ही गोणपाट टाकून बसलो. मी सूर धरला. मालकांनी सनई ओठाला लावली, आणि इतक्या दिवसांनी पहिला आवाज निघाला. मला तिकडं बघायला वेळच नव्हता. गालात वारा, नाकात वारा, डोळ्यांत पाणी, आणि समोर रांगच्या रांग वेली, सगळ्या उभ्या राहून ऐकणाऱ्या. लग्नात वाजंत्री मांडवाच्या बाहेर बसतात. मला त्या दिवशी हसू आलं की आम्ही मांडवाच्या आत बसलोय. पण हसले असते तर सूर तुटला असता.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गंमत झाली. सकाळच्या वाऱ्यानं सनई लांब गेली. शेजारच्या वस्तीवरचा शिवलिंग म्हणून एक म्हातारा, चांगला फेटा बांधून, बायकोला घेऊन, आहेराचं लुगडं काखेत धरून मळ्याच्या बांधावर हजर. त्याच्या मागं आणखी पाच-सहा घरं. बायकांनी नथी घातलेल्या.

"आमाला सांगावा न्हाय का धाडला, अप्पा? एवढी शेजारधर्माची मानसं आमी, आन् लगीन चोरून लावता व्हय?"

अप्पा म्हणाले, "लगीन न्हाय. येली ऐकत्यात."

शिवलिंग म्हाताऱ्यानं अप्पांच्या तोंडाचा वास घेतला. खरंच घेतला. मग म्हणाला, "बरं, जेवान तरी हाय का?" अप्पांच्या घरच्यांना एवढ्या माणसांना भाकरी-पिठलं करून घालावं लागलं. मी तोवर वेलींत दबकून बसले होते, पदराखाली सूर, आणि हसून हसून पोट दुखत होतं.

मग सकाळी सकाळी तिकडं जायची मला घाईच लागली. पहाटे भाकरी थापताना माझे ओठ आपोआप आवळले जायचे. कोंबाची पानं झाली, पानांचा मांडव झाला. बसलो की डोक्यावर हिरवा उजेड पडायचा. मग फुलोरा आला. द्राक्षाचं फूल डोळ्याला दिसतही नाही, मोहरीएवढं. पण वास असा मंद की नाकानं श्वास ओढताना तो आत जायचा आणि वाटायचं, हाच वास उलटा होऊन सुरातून बाहेर निघतोय. असलं काही मी कोणाला बोलले नाही. आज लिहिते.

अप्पांनी अर्ध्या मळ्याला सनई ऐकवायची आणि अर्ध्याला नाही, असं ठरवलं होतं. म्हणजे फरक कळेल. फुलोऱ्यात एकदा आभाळ आलं, पावसाचा शिपका पडून गेला, आणि अप्पा वेड्यासारखे गंधकाची भुकटी उडवत फिरले. रोग पडला तो पलीकडच्या अर्ध्या मळ्यात. आमच्या अर्ध्यात पडला नाही. अप्पा आनंदानं ओरडत आले, "मारुती! ऐकलं त्यांनी, ऐकलं!" मालकही फुलून गेले. मी खरं सांगते. आमचा अर्धा मळा चढावर होता, तिथं वारा खेळायचा, पाणी साचायचं नाही. पलीकडचा सखल होता. त्यामुळं झालं असेल. सनईमुळंही झालं असेल. वेलींना विचारायची सोय नाही. पण त्या सकाळी मला वाटलं ते हेच वाटलं की आपण केलं. ते मी कशाला नाकारू?

घडांतल्या मण्यांत पाणी उतरून ते पिकायला लागले आणि अव्वा आली.

अव्वा म्हणजे अप्पांची आई. कपाळाला विभूती, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, पायात कधी चप्पल नाही. त्यामुळंच पाय वाजले नाहीत. मी डोळे मिटून सूर धरला होता. उघडले तर समोर अव्वा, कंबरेवर हात ठेवून. माझे गाल बेडकीसारखे फुगलेले. मी सूर झटकन पदराखाली घातला.

अव्वानं बघितलं आणि हसायला लागली. हसता हसता खालीच बसली. मग डोळे पुसून म्हणाली, "थांबलीस कशाला, तंगी? येल ऐकत हुती." तंगी म्हणजे धाकटी बहीण. त्या दिवसापासून मी तिची तंगी झाले.

पण ती आली होती भांडायला. अप्पांना बोलावून घेतलं आणि सुरू झाली. "दोन महिने माझ्या मळ्यात सनई वाजतीया. सनई वाजल्यावर काय हुतं?"

"काय हुतं, अव्वा?"

"लगीन हुतं! सनई वाजली आन् अक्षता पडल्या न्हाईत तर पोरगी घरात बसती. तू माज्या येलीस्नी वाजतगाजत उभं केलास आन् तसंच ठिवलास. लगीन लागल्याबिगर ह्यातला एक मनी कुनी तोंडात घालायचा न्हाय, एक घड तोडायचा न्हाय."

अप्पा म्हणाले, "अव्वा, ही शास्त्राची गोष्ट हाय."

"सुम्म कुंडर!" म्हणजे गप बस. "शास्त्र तू कर. लगीन मी करते."

आणि अव्वाच्या शब्दापुढं त्या घरात कोणाचं चालत नव्हतं. घड भरत आले होते, तोडणी तोंडावर आली होती, आणि आता लग्न. वेलीला नवरा कोण? तेही अव्वानंच ठरवलं. मळ्याच्या कोपऱ्यात एक जुना पांगारा होता. तारा-खांब यायच्या आधी लोक द्राक्षाची वेल पांगाऱ्यावरच चढवायचे. अव्वाची एक जुनी काळी वेल अजून त्याच्यावरच होती, तीच बियांची, चिमटा काढणारी. अव्वा म्हणाली, "ती म्हातारी पांगाऱ्याची पहिली बायकू. तिची हरकत न्हाय. मी इचारलंय."

लग्न म्हटल्यावर गाव येणार. आणि गाव येणार म्हटल्यावर मालकांचं तोंड उतरलं. संध्याकाळी मला न बघता म्हणाले, "लखूला सांगावा धाडलाय."

मला कळलं. मी तव्यावरची भाकरी उलटली, ती हातानंच, उलथनं घ्यायचं सुचलं नाही. "कशाला?"

"सुराला."

"दोन महिने सूर कुनी धरला?"

"अगं, ते येलींत. ह्ये मानसांत."

"मंजी येलीस्नी चालतंय ते मानसांस्नी चालत न्हाय."

"तसंच हाय ते. मी न्हाय केलेलं."

मी त्या रात्री जेवले नाही. रुसून नाही. दाताखाली दात इतके घट्ट बसले होते की घास जाईना.

लखूभाऊजी आले. पँट, पांढरा शर्ट, गिरणीतला खोकला. माणूस चांगला. माझ्या हातात सूर बघून ते हिरमुसले, ओरडले नाहीत. "वहिनी, बापाच्या हातचं वाद्य हाय. माजंच हाय की ते." तेही खरंच होतं. त्यांच्या हातात दिलं.

लग्नाच्या सकाळी पांगारा असा फुलला होता की बघत राहावं. अंगावर एक पान नाही, सगळ्या फांद्यांच्या टोकांना लालभडक तुरे. अव्वा म्हणाली, "बघा, नवऱ्या मुलानं फेटा बांधला, पर सदरा इसरला." जवळच्या नव्या वेलीला हिरवी चोळी बांधली होती, तिच्या घडांना हळद लावली होती. बायका नटून आल्या होत्या. शिवलिंग म्हातारा तेच लुगडं काखेत घेऊन आला होता आणि सगळ्यांना सांगत होता की मी आधीच आलो होतो, ह्यांचीच तयारी नव्हती. अप्पांनी उपरणं अंतरपाट म्हणून धरायला दिलं. लग्न लावायला आलेले स्वामी अक्षता वाटत होते. अप्पाही आता रंगात आले होते. शास्त्र बाजूला ठेवून पाहुण्यांची ऊठबस करत होते.

मी बायकांत बसले होते. मालक आणि लखूभाऊजी मांडवाच्या तोंडाशी. लखूभाऊजींनी पत्ती ओली केली.

तेवढ्यात अव्वानं विचारलं, "ह्यो कोन?"

मालक म्हणाले, "भाऊ माजा. सूर धरनार."

"ह्या पोरीनं दोन महिने कुनाचा सूर ऐकला?" पोरीनं म्हणजे वेलीनं.

अव्वा अप्पांकडं वळली, "तूच सांगतोस न्हवं, येल ऐकती म्हनून? मग ऐकती तर वळखती बी. दोन महिने एक सूर ऐकवायचा आन् ऐन अंतरपाटाला परका आनायचा? पोरगी भ्याली म्हंजे? घड गळले म्हंजे? कोन भरून देनार, तुजा पेपर?"

अप्पा डोकं खाजवून म्हणाले, "शास्त्राच्या दृष्टीनं... बराबर हाय अव्वाचं."

"तंगी, ये हिकडं."

मी उठले. एवढी माणसं होती, पण मला फक्त माझ्या जोडव्यांचा आवाज ऐकू आला. लखूभाऊजींनी सूर माझ्याकडं केला. चेहरा पडला होता त्यांचा, पण केला. मी मालकांच्या बाजूला बसले, डोक्यावरचा पदर नीट केला, पत्ती ओठांत धरली. आणि धरला.

मागून आलंच. "मारुतीनं बायकूला फुंकाया लावलं!" दुसरी बाई म्हणाली, "चुलीपुढचं फुकनं मांडवात आनलं की गं हिनं!" कोणी खिदळलं. एक कडक म्हातारे पाहुणे उठून चालते झाले. मला प्रत्येकाला उत्तर द्यायचं होतं, आणि उत्तरं माझ्याजवळ पुष्कळ होती. पण सूर धरलेला असताना बोलता येत नाही. तोंड गुंतलेलं असतं. म्हणून मी नुसतं ऐकलं आणि धरून ठेवला.

मालकांची सनई त्या दिवशी जशी वाजली तशी मी आधी कधी ऐकली नव्हती. पण माझं लक्ष तिकडं नव्हतं. मधेच माझा घसा सुकला, गाल दुखायला लागले, आता तुटतोय असं झालं. मागं बसलेले लखूभाऊजी हळूच म्हणाले, "वहिनी, नाकानं. नाकानं घ्या. सोडू नगा." मी नाकानं घेतलं. पांगाऱ्याच्या फुलांचा, हळदीचा, पिकल्या द्राक्षांचा सगळा वास आत आला. सूर तुटला नाही.

उपरणं बाजूला झालं. अक्षता उडाल्या, निम्म्या माझ्या डोक्यात पडल्या. अव्वानं वेलीचा एक फाटा पांगाऱ्याला गुंडाळून दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मालकांनी सनई खाली ठेवली. रीत अशी की सूर आधी सुरू होतो आणि शेवटी थांबतो. मी थांबले नाही. सनईशिवाय नुसता सूर, एकटाच, आख्ख्या मळ्यावर. टाळ्या थांबल्या. सगळे बघायला लागले. मालक कुजबुजले, "अगं, झालं की." मला ठाऊक होतं झालं म्हणून. मी अजून थोडा वेळ धरला. मग सोडला.

अव्वानं पहिला घड तोडला आणि माझ्या हातात दिला. काळ्या वेलीचा.

तोडणी झाली. पांढरी द्राक्षं पेट्यांतून गेली, काळी घरी राहिली. अव्वानं बरणी लावली. अप्पांचा उत्साह उतू चालला होता. म्हणाले, वेलीला ऐकवलं, आता आसवाला ऐकवू, मारुती रोज बरणीपुढं वाजवेल, आसव लवकर होईल, गोड होईल. अव्वानं पुन्हा तेच, "सुम्म कुंडर. तुमी वाजवत बसला तर तिचं मला कसं ऐकू येईल?" तिनं मला जवळ ओढलं आणि माझा कान बरणीला टेकवला. मी दचकले. आत तांब्यातले बुडबुडे होते. माझे लपून फुंकलेले. तेच, न थांबता, श्वास न घेता.

"गप झाली की झालं," अव्वा म्हणाली. "तवर हात लावायचा न्हाय."

त्या सालीचं आसव कसं झालं, ते माझ्यानं लिहवत नाही. एवढंच लिहिते की स्वामींनीही औषध म्हणून दोनदा मागून घेतलं.

पुढं लोकांच्या लग्नांत सूर मी धरावा असं कोणी म्हणालं नाही. तिथं लखूभाऊजी सुट्टी काढून यायचे. पण आसपासच्या बागांतून आम्हाला बोलावणी आली, दोन-तीन वर्षं. कोणाच्या वेलींना पान धरत नव्हतं, कोणाच्या गळत होत्या. आम्ही बैलगाडीतून जायचो, मी मालकांच्या बाजूला, सूर मांडीवर, उघडा. पदराखाली नाही. लोक बघायला यायचे. काही हसायला यायचे. वेलींना गुण आला की नाही ते ज्याचं त्यानं ठरवलं. मग फवारणीचे पंप आले, औषधं आली, अप्पांनाही नवं वेड लागलं, आणि ते बंद पडलं. मालक जाऊन बरीच वर्षं झाली. पांगारा वाळला. माझे दात गेले. सुराला दात लागत नाहीत.

आज सकाळी बरणीला कान लावला. उजव्या कानानं मला आता कमी ऐकू येतं, म्हणून डावा लावला. चांगली रंगात आली होती. मी पेटीतून सूर काढला, पत्ती पाण्यात भिजवली आणि बरणीच्या आवाजाला आवाज मिळवून बघितला. थोडा वर होता. खाली आणला. मिळाला.

सून स्वयंपाकघरातून ओरडली, "आत्ती! अवो आत्ती, सकाळी सकाळी काय ह्ये? शेजारची मानसं काय म्हनतील?"

उत्तर होतं माझ्याजवळ. पण तोंड गुंतलं होतं.